शिपायांची पाठराखीण : मिस क्लारा बार्टन

लढायांचीं वर्णनें आम्ही सर्वजण आवडीनें वाचतों. कोणता सेनापति कोणत्या टेकडीवरून चालून गेला, कोणाच्या तोफा किती होत्या, कोण जिंकला व कोण हरला, हें सर्व इतिहासाच्या पुस्तकांत असतें, आणि परीक्षेच्या निमित्तानें विद्यार्थ्यांस तें पाठहि करावें लागतें. परंतु ज्या शिपायांच्या बळावर तीं युद्धें झालीं, त्यांच्या पायांत धड जोडे होते कीं नाहीं, त्यांस घरचें पत्र कधीं आलें, आणि ज्याचीं पत्रें यावयाचीं एकाएकीं थांबलीं त्याच्या आईनें पुढें काय केलें, याचा उल्लेख त्या पुस्तकांत क्वचितच सांपडतो. असल्या दुर्लक्षित गोष्टींना ज्यांनीं आपलें आयुष्य वाहिलें, अशा एका अमेरिकन बाईंचें चरित्र आज आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस सादर करीत आहों.

क्लारा बार्टन हिचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजीं, म्हणजे ऐन नाताळाच्या दिवशीं, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्स या संस्थानांत नॉर्थ ऑक्सफर्ड नांवाच्या खेड्यांत झाला. मॅसॅच्युसेट्स हें नांव महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळीस अगदींच परकें नाहीं. त्याच संस्थानाची राजधानी जें बोस्टन शहर, तेथील मिशनरी मंडळाचे पहिले उपदेशक १८१३ सालीं मुंबईस उतरले, आणि १८३१ पासून अहमदनगरास त्यांचें ठाणें झालें. क्लाराचे वडील स्टीफन बार्टन हे तरुणपणीं जनरल वेन यांच्या हाताखालीं सरहद्दीवरील लढायांत शिपाई होते. पांच भावंडांत क्लारा सर्वांत धाकटी. तिच्याहून वरची बहीणसुद्धां तिच्यापेक्षां दहा वर्षांनीं मोठी होती. त्यामुळें बरोबरीचें खेळगडी असें घरांत कोणी नव्हतें. वडील तिला जवळ घेऊन छावणीच्या गोष्टी सांगत. फौजेंत कोणाचा हुद्दा कोणता, कूच कसें होतें, रसद कोठून येते, हें त्या मुलीला इतर मुली बाहुल्या खेळतात त्या वयांत ठाऊक झालें.

असें असूनहि क्लारा धीट नव्हती. ती अतिशय लाजाळू होती. चार माणसांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, व आपल्याला कांहीं हवें आहे हें सांगण्यासहि तिला संकोच वाटे. ती अकरा वर्षांची असतां तिचा भाऊ डेव्हिड हा कोठाराच्या बांधकामावरून पडून जबर दुखावला. त्याच्या अंथरुणाशेजारीं ही मुलगी सुमारें दोन वर्षें बसून राहिली. त्याला औषध देणें, त्या काळच्या उपचाराप्रमाणें जळवा लावणें, त्याच्याशीं बोलून त्याचें मन रमविणें, हें सर्व तिनें केलें. आणि भाऊ बरा झाला. आपल्यासाठीं कांहीं मागतांना जी लाजेनें अर्धमेली होई, ती दुसऱ्याच्या दुखण्यापुढें लाज पार विसरून जाई. या एका गोष्टींत तिच्या साऱ्या पुढील आयुष्याचें बीज आहे, असें आम्हांस वाटतें.

वयाच्या सतराव्या वर्षीं, १८३९ सालीं, क्लाराबाई शिक्षिका झाल्या. बारा-तेरा वर्षें खेडोपाडीं शाळा चालविल्यावर १८५२ सालीं त्या न्यू जर्सी संस्थानांतील बॉर्डनटाउन या गांवीं गेल्या. तेथें गरिबांचीं मुलें रस्त्यांत उंडगत होतीं, कारण शाळेला फी पडे. क्लाराबाईंनीं गांवच्या पुढाऱ्यांस गांठून फीशिवाय चालणारी शाळा काढविली. पहिल्या दिवशीं सहा मुलें आलीं. पुढें तीच संख्या सहाशेंच्या घरांत गेली. गांवानें मोठी इमारत बांधली. परंतु इमारत उभी राहिल्यावर पंचांनीं तिच्यावर मुख्याध्यापक म्हणून एका गृहस्थांची नेमणूक केली, व ज्यांनीं शाळा उभारली त्या बाईंना त्यांच्या हाताखालीं कमी पगारावर ठेविलें. या अन्यायाचा त्यांच्या मनावर इतका परिणाम झाला कीं, त्यांची प्रकृति बिघडली व आवाज बसला. १८५४ सालीं राजीनामा देऊन त्या वॉशिंग्टन शहरीं आल्या.

तेथें पेटंट कचेरींत त्यांस कारकुनाची जागा मिळाली. वार्षिक पगार १४०० डॉलर, म्हणजे पुरुष कारकुनांइतकाच होता. त्या काळीं सरकारी कचेरींत स्त्रीनें बसावें हेंच पुष्कळांस सहन होत नव्हतें. जिन्यांत उभे राहून सहकारी त्यांच्या तोंडावर तंबाखूचा धूर सोडीत. पुढें वरिष्ठ बदलले तेव्हां पगारी जागा जाऊन शंभर शब्दांस दहा सेंट या दरानें नकला करण्याचें काम त्यांच्या वांट्यास आलें. आणि कांहीं काळ तर तेंहि गेलें. मात्र त्यांचें अक्षर मोत्यासारखें होतें, व तासन्तास न थकतां लिहिण्याची त्यांच्या हाताला संवय जडली. ही संवय पुढें हजारों घरांच्या उपयोगी पडावयाची होती, हें त्या वेळीं कोणास ठाऊक असणार?

१८६१ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील संस्थानें फुटून निघालीं, व राजधानीच्या रक्षणासाठीं उत्तरेकडून पलटणी येऊं लागल्या. १९ एप्रिल रोजीं मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण बाल्टिमोर शहरांतून येत असतां तेथील जमावानें तिच्यावर दगडफेक व गोळीबार केला. कांहीं शिपाई ठार झाले, पुष्कळ जखमी झाले, व सर्वांचें सामानसुमान तेथेंच राहिलें. अंगावरच्या जाड लोकरीच्या कपड्यांनिशीं ते वॉशिंग्टनला पोहोंचले. सरकारजवळ त्यांस उतरावयास जागा नव्हती, म्हणून कायदेमंडळाच्या सीनेट सभागृहांतच त्यांचा तळ पडला.

क्लाराबाई पाहावयास गेल्या तों त्यांत त्यांच्याच भागांतील पोरें! कित्येकांस त्यांनीं शाळेंत बाराखडी शिकविलेली. बाई घरीं परतल्या. जुन्या चादरी फाडून त्यांनीं रुमाल व पंचे केले. सुया, दोरा, बटणें, साबण, कात्री हीं जमविलीं. स्वतःच्या पैशानें खाद्यपदार्थांच्या टोपल्या विकत घेतल्या, व हमालांच्या डोक्यावर देऊन सभागृहांत नेल्या. पोरांना घरची बातमी हवी होती. त्यांच्या गांवाकडील वर्तमानपत्राचा एकच अंक बाईंजवळ होता. तेव्हां जी लहानपणीं चार माणसांत बोलूं शकत नसे, तीच बाई सीनेटच्या अध्यक्षांच्या खुर्चींत चढून बसली, आणि साऱ्या पलटणीला ऐकूं जाईल अशा आवाजांत तिनें तो अंक वाचून दाखविला.

येथून त्यांच्या कामास सुरुवात झाली. दिवसां कचेरी, व संध्याकाळीं छावण्या व इस्पितळें, असा क्रम सुरू झाला. ज्यांस लिहितां येत नव्हतें, किंवा ज्यांचा हातच जायबंदी झाला होता, अशांची पत्रें बाई लिहून देत. त्या वर्षीं सरकारनें शिपायांस अशी सवलत दिली होती कीं, तिकीट न लावतां त्यांनीं पत्र टाकावें व हांशील घरच्यांनीं द्यावें. त्यामुळें खिशांत दमडी नसलेल्या शिपायाचेंहि पत्र घरीं जाई. पत्र पोहोंचलें म्हणजे त्या घरून उत्तर येई, आणि उत्तरामागून पेटी येई.

या पेट्यांत काय काय असे, हें आमच्या वाचक भगिनींस जाणून घ्यावेंसें वाटेल. हातानें विणलेले मोजे, फलाणीचे सदरे, फळांचे मुरंबे, साबण, लिंबें, तंबाखू, कोरे कागद व पाकिटें; आणि जुन्या मऊ कापडाच्या पट्ट्या, कारण जखमेला नव्या कापडापेक्षां जुनें धुवट कापड बरें. सुईदोरा व बटणें ठेवण्याची एक लहानशी गुंडाळी जवळजवळ प्रत्येक पेटींत असे. जो मुलगा घरीं असतांना बटण तुटलें तर आईला हांक मारी, त्याला आतां स्वतःच टांका घालावयाचा होता. बाईंनीं वर्तमानपत्रांतून व स्त्रियांच्या मंडळांस पत्रें लिहून आणखी वस्तु मागविल्या. हळूहळू त्यांच्या बिऱ्हाडांत पेट्यांची इतकी रास झाली कीं, त्यांस स्वतःला वावरावयास जागा उरली नाहीं. पुढें तीन वखारी भरल्या. आलेल्या पेटीची पोंच त्या स्वतः लिहीत, व तींतील जिन्नस कोणाच्या उपयोगी पडले हें कळवीत. आपण विणलेला मोजा वाटेंत कोठें गहाळ झाला नाहीं, एका थंडीनें कुडकुडणाऱ्या पायांत गेला, हें कळल्यावर ती खेड्यांतील म्हातारी दुसरा जोड विणावयास घेई. परोपकाराचें चक्र असें दुहेरी पोंचेवर फिरतें, हें बाईंनीं बरोबर ओळखिलें होतें.

परंतु वखारींतील मुरंब्यानें रणांगणावर पडलेल्या माणसाचें ओठ ओले होत नाहींत. जखमी लोक बोटींतून राजधानीस येत, तेव्हां त्यांच्या जखमांवरील रक्त वाळून दगडासारखें झालेलें असे. कित्येक वाटेंतच मरत. मदत त्यांच्याकडे गेली पाहिजे, त्यांनीं मदतीकडे येतां कामा नये, हें बाईंस दिसत होतें. पण सभ्य स्त्रीनें लष्कराबरोबर जाणें त्या काळीं लोकापवादास कारण होई, व बाईंस त्याची धास्ती होती. १८६२ च्या मार्च महिन्यांत त्यांचे वडील वारले. मृत्युशय्येवर पडलेल्या त्या जुन्या शिपायाजवळ मुलीनें आपलें मन उघडें केलें. शिपायाला शिपायाची पारख असते, खरा लढवय्या तुझा मानच राखील, अशा आशयाचा धीर देऊन पित्यानें तिला निरोप दिला. त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें लष्करी अधिकाऱ्यांचा परवाना मिळाला, व गाड्या भरून बाई रणभूमीकडे निघाल्या.

ऑगस्टच्या अखेरीस बुल रन येथील दुसऱ्या लढाईनंतर फेअरफॅक्स नांवाच्या रेल्वे स्टेशनावर जखमी माणसांची जी दाटी झाली तिचें वर्णन पुढें बाईंनीं केलेलें आहे. जवळ इमारत नाहीं, खाट नाहीं. उतारावर गवताच्या पेंढ्या सोडून त्यावर सुमारें तीन हजार माणसें निजविलेलीं. रात्रीं मेणबत्ती हातांत घेऊन फिरावयाचें, आणि ती एखाद्याच्या हातून गवतावर पडली तर सर्वांची होळी होईल ही भीति. एवढ्या लोकांस अन्न देण्यासाठीं बाईंजवळ भांडीं काय होतीं? पाण्याच्या दोन बादल्या, पांच पत्र्याचे पेले, एक मोठी किटली, एक पातेलें, चार सुऱ्या, तीन बशा व एक पत्र्याचें भांडें. तेव्हां घरोघरच्या आयाबहिणींनीं पाठविलेल्या मुरंब्याच्या बरण्या कामास आल्या. एक बरणी रिकामी झाली कीं लगेच तिचा पेला होई, व तींतून दुसऱ्याच्या तोंडीं कढण किंवा कॉफी लागे. बरणी पाठविणाऱ्या बाईला हें कोठून ठाऊक असणार?

त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं अँटिएटम येथें जी लढाई झाली तींत एका दिवसांत दोन्ही बाजूंचीं मिळून सुमारें २३,००० माणसें मेलीं, जखमी झालीं किंवा हरवलीं. लष्करी रीतीप्रमाणें रसदेच्या गाड्या सर्वांच्या मागून जात, व औषधें पोहोंचेपर्यंत दोनदोन दिवस लागत. बाईंनीं आपल्या गाड्या मध्यरात्रीनंतर हांकल्या, झोंपलेल्या गाड्यांच्या रांगा मागें टाकल्या, व सकाळपर्यंत तोफांच्या पाठोपाठ जागा धरली. लढाईच्या दिवशीं एका शेतांतील घरांत त्या पोहोंचल्या, तों सर्जन लोकांजवळ पट्ट्या संपून गेल्या होत्या व ते मक्याच्या हिरव्या पानांनीं जखमा बांधीत होते. बाईंच्या गाडींतून पट्ट्या निघाल्या. जमिनीवर पडलेल्या एका शिपायास त्या पाणी पाजीत असतां एक गोळी त्यांच्या बाहीला भोंक पाडून गेली, आणि त्यांच्या हातांतच तो शिपाई गतप्राण झाला. दुसऱ्या एकानें गालांत रुतलेली गोळी काढण्याची विनवणी केली. सर्जन मोकळे नव्हते. बाईंनीं खिशांतील चाकूनें ती काढली.

भाकरी संपली तेव्हां द्राक्षरसाच्या पेट्या उघडण्यास सुरुवात झाली. बाटल्या फुटूं नयेत म्हणून पेट्यांत लांकडाचा भुसा भरलेला असे. पण शेवटच्या तीन पेट्यांत भुशाऐवजीं मक्याचें बारीक पीठ निघालें. त्या घराच्या तळघरांतहि पीठ सांपडलें, व रात्रभर मोठमोठ्या कढयांत कांजी शिजली. काळोख पडल्यावर मुख्य सर्जन एका मेणबत्तीच्या तुकड्यापुढें हताश होऊन बसले होते. आदल्या एका लढाईंत उजेडाशिवाय किती माणसें हातचीं गेलीं हें बाईंनीं पाहिलेलें होतें, म्हणून या खेपेस त्यांनीं कंदील भरून आणले होते. आम्हांस वाटतें, या कंदिलांत जितकें शहाणपण आहे तितकें पुष्कळ व्याख्यानांत नसतें. दया सर्वांच्या मनांत असते. परंतु कालच्या उणीवेवरून उद्यांची पेटी कशी भरावी, हें जो शिकतो त्याचीच दया गरजवंतापर्यंत पोहोंचते.

फ्रेडरिक्सबर्ग येथें डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडींत, आणि पुढील वर्षीं दक्षिणेच्या समुद्रकांठीं फोर्ट वॅगनरच्या वेढ्यांत, बाईंनीं हेंच काम केलें. त्यांच्या खिशांत एक टिपणवही असे. मरणाऱ्याचें नांव, पलटण, गांव, व त्याला कोठें पुरलें, हें त्या जमेल तसें तींत टिपून ठेवीत. कारण जो मेला त्याच्यासाठीं आतां कांहीं करतां येत नसलें, तरी त्याच्या घरीं कोणीतरी वाट पाहत आहे, ही गोष्ट त्यांच्या मनांतून जात नव्हती.

१८६५ च्या वसंत ऋतूंत युद्ध संपलें. त्यांत सहा लाखांहून अधिक माणसें मेलीं होतीं. त्या काळीं शिपायाच्या गळ्यांत नांवाचा बिल्ला बांधण्याची सरकारी पद्धत नव्हती. त्यामुळें उत्तरेकडील सैन्याच्या जवळजवळ निम्म्या थडग्यांवर नांव नव्हतें. ज्याचा मुलगा मेल्याचें कळलें, तो बाप रडून मोकळा झाला. परंतु ज्याच्याविषयीं कांहींच कळलें नाहीं, त्याच्या घरीं दिवेलागणीला दार उघडेंच राही. विधवा म्हणावें तर मेल्याचा पुरावा नाहीं, सुवासिनी म्हणावें तर पत्र नाहीं. आणि पुराव्यावांचून पेन्शनहि नाहीं. अशा बायकांचीं पत्रें क्लाराबाईंकडे येऊं लागलीं, कारण त्या रणांगणावर होत्या हें सर्वांस ठाऊक होतें. मार्च महिन्यांत अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांनीं, बेपत्ता शिपायांच्या आप्तांनीं मिस बार्टन यांस माहिती लिहून पाठवावी, असें जाहीर करण्यास संमति दिली. त्याच मार्चमध्यें बाईंचे वडील बंधु स्टीफन हे वारले. ते दक्षिणेंत राहत असल्यामुळें युद्धाच्या कात्रींत सांपडून त्यांची प्रकृति खालावली होती. घरचें सुतक अंगावर असतांच बाई इतरांच्या हरवलेल्या माणसांच्या शोधास लागल्या.

कामाची पद्धत अशी होती. आलेल्या पत्रांतील नांवें संस्थानवार लावून त्यांची यादी करावयाची; ती सरकारी छापखान्यांत छापवून घ्यावयाची; व गांवोगांवच्या पोस्टांत, वर्तमानपत्रांत, जेथें शिपाई जमतात तेथें लावावयाची. यादी वाचून एखादा घरीं परतलेला शिपाई कळवी कीं, हा माझ्या शेजारीं अमक्या लढाईंत पडला, किंवा तो अमक्या तुरुंगांत तापानें गेला. मग बाई त्या घरीं पत्र लिहीत. वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरील खोल्यांत थोड्याशा कारकुनांसह हें काम सुमारें चार वर्षें चाललें. चौकशीचीं ६३,१८२ पत्रें आलीं, व २२,००० हून अधिक माणसांचा ठावठिकाणा लागला. पहिला सारा खर्च बाईंनीं स्वतःच्या पैशांतून केला. पुढें १८६६ सालीं कायदेमंडळानें त्यांस १५,००० डॉलर मंजूर केले.

सर्वच शोधांचा शेवट मृत्यूंत झाला असें नव्हे. एका जिवंत शिपायाचें रागाचें पत्र आलें कीं, आपण काय अपराध केला म्हणून आपलें नांव देशभर भिंतींवर चिकटविलें आहे! त्याला घरच्यांस कळूं न देतां राहावयाचें होतें. बाई सहसा कोणास टाकून बोलत नसत. परंतु या वेळीं त्यांनीं खडसावून उत्तर लिहिलें. त्याची आई वाट पाहतां पाहतां मेली होती, व तिच्या अखेरच्या इच्छेखातर बहिणीनें त्याचा शोध मांडला होता, हें त्यांनीं त्याला कळविलें. परगांवीं राहून महिनोन्महिने घरीं पत्र न टाकणाऱ्या मुलांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवावा.

याच कामांत डॉरेन्स अ‍ॅटवॉटर नांवाचा एक तरुण बाईंकडे आला. तो दक्षिणेच्या अँडर्सनव्हिल येथील तुरुंगांत युद्धकैदी होता. तेथें उघड्या आवारांत, घाण पाणी व अपुरें अन्न यांमुळें, चौदा महिन्यांत सुमारें १३,००० कैदी मेले होते. अ‍ॅटवॉटरकडे मेलेल्यांची नोंद लिहिण्याचें काम होतें. त्यानें जिवावर उदार होऊन त्या नोंदीची एक गुप्त नक्कल आपल्या कपड्यांत दडवून बाहेर आणली होती. तिच्यांत थडग्याचा क्रमांक व नांव दोन्ही होतीं. १८६५ च्या उन्हाळ्यांत सरकारी तुकडी, सुतार व अक्षरें रंगविणारे कारागीर यांच्यासह बाई व अ‍ॅटवॉटर तेथें गेले. एकेका खुंट्याजवळ नांवाची पाटी लागली. १७ ऑगस्ट रोजीं बाईंच्या हातून तेथें राष्ट्राचें निशाण चढलें. व जेथें सारेंच निनांवी राहावयाचें, तेथें सुमारें ४६० थडगींच तेवढीं अज्ञात राहिलीं. ज्या मुलानें हें शक्य केलें, त्याच्यावरच पुढें ती यादी चोरल्याचा आरोप येऊन त्याला तुरुंगवास घडला. बाईंनीं त्याच्या सुटकेसाठीं अधिकाऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या, व तो सुटल्यावर ती यादी प्रसिद्ध झाली.

यानंतरचें चरित्र आम्ही थोडक्यांत सांगतों. व्याख्यानें देऊन थकल्यामुळें १८६८ सालीं बाईंचा आवाज पुनः गेला, व विश्रांतीसाठीं १८६९ त त्या युरोपांत गेल्या. जिनीव्हा येथें त्यांस रेड क्रॉस संस्थेची माहिती मिळाली. युद्धांत जखमी झालेल्याला शत्रु न मानतां माणूस मानावें, या १८६४ च्या करारावर अमेरिकेनें सही केलेली नाहीं, हें कळल्यावर त्यांस विषाद वाटला. फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध १८७० त जुंपलें, तेव्हां त्या स्ट्रासबर्गला गेल्या, व उध्वस्त झालेल्या शहरांतील बायकांस भिक्षा न देतां शिवणकाम व मजुरी मिळेल अशी व्यवस्था त्यांनीं केली. मायदेशीं परतल्यावर अनेक वर्षें अर्जविनंत्या करून त्यांनीं २१ मे १८८१ रोजीं अमेरिकन रेड क्रॉस स्थापन केली, व पुढच्या वर्षीं अमेरिकेनें करारास मान्यता दिली. युद्ध नसतांनाहि पूर, आग, वादळ यांत सांपडलेल्यांस ही संस्था साह्य करील, हें धोरण बाईंचेंच. १८८९ सालीं जॉन्सटाउनच्या महापुरांत, व १९०० सालीं गॅल्व्हेस्टनच्या वादळानंतर, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वयांत त्या जातीनें हजर होत्या.

चरित्रकारानें केवळ स्तुति करूं नये. बाई एकहातीं कारभार करणाऱ्या होत्या. दुसऱ्यावर काम सोंपविणें त्यांस जमत नसे, व हिशेबाच्या वह्या व्यवस्थित ठेवण्याचें त्यांस वावडें होतें. त्यावरून संस्थेंत वाद माजले, आणि १९०४ सालीं, ब्यायशीं वर्षांच्या असतां, स्वतः लावलेल्या रोपट्याची सावली सोडून त्यांस बाहेर पडावें लागलें. हातीं काम नसलें म्हणजे त्यांस औदासीन्य घेरी, व त्या अंथरूण धरीत. दुसऱ्याची हांक ऐकूं आली कीं पुनः उठत. १२ एप्रिल १९१२ रोजीं, नव्वद वर्षांच्या होऊन, त्या मेरीलंड संस्थानांत ग्लेन एको येथें प्रभूच्या घरीं गेल्या. नॉर्थ ऑक्सफर्ड येथें आईबापांच्या शेजारीं त्यांस माती दिली आहे.

त्यांच्या शोधकचेरीची आठवण शहर साफ विसरून गेलें होतें. १९९६ सालीं ती जुनी इमारत पाडण्यापूर्वीं तपासतांना माळ्यावर बाईंच्या नांवाची पाटी व जुने कागद सांपडले. इमारत वांचली, व आतां तेथें संग्रहालय आहे. हरवलेल्यांना शोधणारी ती जागा स्वतःच सव्वाशें वर्षें हरवलेली होती!

हें सर्व परदेशचें, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही २९ एप्रिल १९१६ ची आठवण देतों. त्या दिवशीं मेसोपोटेमियांतील कूत येथें सहावी पुणें डिव्हिजन तुर्कांस शरण गेली. तींत मराठा पलटणींचे शिपाई होते. साताऱ्याकडील व कोंकणांतील कित्येक घरीं त्यानंतर पत्र आलें नाहीं. त्याच महायुद्धांत जिनीव्हा येथें रेड क्रॉसनें युद्धकैद्यांच्या चौकशीची कचेरी उघडली, व तिच्यांत सुमारें सत्तर लाख चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. हिंदुस्थानांतील रेड क्रॉस संस्था १९२० च्या कायद्यानें स्थापन झाली. सातव्या रस्त्यावरील त्या खोल्यांत जें काम एका बाईनें टाकानें केलें, त्याच जातीचें हें काम होतें.

आमच्याकडे नव्या नवरीबरोबर सासरीं पाठराखीण जाते. ती नवरीचा संसार करीत नाहीं. परंतु परक्या घरीं पहिले चार दिवस तिच्याजवळ माहेरचें माणूस असतें. क्लाराबाईंनीं शिपायाची लढाई लढली नाहीं. पण तो जेथें गेला तेथें त्याचें माहेर त्याच्या मागोमाग नेऊन पोहोंचविलें, आणि तो परतला नाहीं तर त्याची वार्ता माहेरीं आणून सोडली. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचे वडील, चुलते, भाऊ घरापासून दूर आहेत. कोणी फौजेंत, कोणी बोटीवर, कोणी गिरणींत. त्यांस पाठवावयास मोठी पेटी हवी असें नाहीं. आईनें बांधलेल्या लाडवांच्या डब्यांत वर एक पत्र घाला, अक्षर सुवाच्य काढा, आणि घरच्या शेळीला पिलूं झालें हीसुद्धां बातमी लिहा. दूरच्या माणसाला तीच हवी असते.